आरोहीचे आठशे ग्राम

धारूरच्या आसपास कुणा पैलवानाला वजन उतरवायचं असलं तर त्यानं डॉक्टरकडं जायचं नाही, जिमवाल्याकडं तर मुळीच नाही, सरळ युसूफ वस्तादांकडं जायचं, हे ठरलेलं. तीन दिवसांत चार किलो. सिरसाळ्याचा एक गडी सांगायचा की वस्तादांनी नुसतं रोखून बघितलं तरी आपलं पावशेर कमी होतं. हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसाचा वचकच तसा होता.

वय पंचावन्न. अंग अजून भरलेलं, कान कुस्तीत मोडलेले, स्वभाव तिखट. बापाचं पंक्चरचं दुकान भावाच्या हवाली करून ते किल्ल्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या तालमीत रमले ते रमलेच. आत एक मॅट, कोपऱ्यात वजनकाटा, दाराशी पाण्याचा माठ. सायराभाभी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, चार वर्षांत नाद सुटेल. तीस वर्षं झाली.

खाण्यापिण्यावर वस्ताद बोलायला लागले की ऐकत बसावं. बाजारात नवी जिम झालेली. तिथल्या पोरांनी भाकरीशी वैर धरलेलं. भात बंद, केळं बंद, अंड्यातलं पिवळं काढून कुत्र्याला. वस्तादांचं डोकं फिरायचं. "कोंबडी काय येडी हाय बे, पिवळं घालायला? तुझा आजा ज्वारी खाऊन ऐंशीव्या वर्षी नारायणगडाला पायी गेलता, अन् तुला भाकरीनं ढेरी येती व्हय?" पोरं खाली माना घालून निघून जायची. बोलणं खरंच होतं वस्तादांचं. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण काय उगीच पडलीय?

वस्तादांचं मुसळ म्हणजे त्यांचं एक वाक्य. घाम आटला की चरबी सरली. त्यांच्या वस्तादांनी त्यांना सांगितलेलं, त्यांनी पुढं शेकडो पोरांना सांगितलं. वजनाच्या दोन दिवस आधी पाणी बंद, आदल्या दिवशी अंगात दोन स्वेटर, वर प्लास्टिकचं जर्किन, आणि पळायचं. घाम वाहतोय तोवर चरबी आहे. घाम यायचा थांबला, अंग कोरडं पडलं, म्हणजे पैलवान तयार. मग वस्ताद शेवटची परीक्षा घ्यायचे. तांब्या भरून पैलवानाच्या ओठाला लावायचे आणि म्हणायचे, पी. जो प्यायला तो तालमीच्या बाहेर. जो तोंड फिरवायचा त्याची पाठ थोपटायचे.

आता आरोहीचं सांगतो. तानाजीची ही लेक, एकोणीस वर्षांची, कॉलेजात सायन्सला. तानाजी स्वतः एके काळचा पैलवान, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटलेला. त्यानं पोरीला सहाव्या वर्षी मॅटवर सोडलं. पोरगी वाघीण होती. पण तिचं खरं वजन साडेत्रेपन्न, आणि त्रेपन्नच्या गटात बीडची एक मुलगी होती जिच्याकडून ती दोनदा हरली होती. वस्तादांनीच तोडगा काढला. "पन्नासात उतरव तिला, तानाजी. पन्नासात रान मोकळं हाय." ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्यातून निवड झाली तर राज्याला जाणार. नाही झाली तर पुढच्या वर्षी थोरल्या बायांच्या गटात, दहा-दहा वर्षं मॅटवर घालवलेल्यांशी गाठ.

वजनाच्या पाच दिवस आधी तिनं सगळ्यांसमोर वस्तादांना विचारलं होतं. "वस्ताद, वजन झाल्यावर आपण पाणी पितो आन् दुपारपर्यंत दोन किलो परत येतंय. चरबी गेली असती तर पाण्यानं परत कशी आली असती?"

"लई शिकलीस," वस्ताद म्हणाले, आणि तालीम खदाखदा हसली. आरोहीही हसली. वस्ताद मात्र त्या दिवशी जेवताना भाकरी नुसती कुस्करत बसले. सायराभाभींनी दोनदा विचारलं, "काय झालं?" वस्तादांनी ताट बाजूला सारलं आणि उठून गेले.

एप्रिलचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बीडमध्ये वजनं होती. दुपारी बाराला काट्यावर आकडा आला पन्नास किलो आठशे. पाण्याचा थेंब तिच्या पोटात आदल्या सकाळपासून नव्हता. आठशे ग्राम काढायचे होते, आणि डोक्यावर पत्रा असा तापलेला की खाली उभ्या माणसाचा जीव घुसमटावा. आरोही दोन स्वेटर, जर्किन घालून मॅटभोवती फेऱ्या घेत होती. तानाजी भिंतीला टेकून प्रत्येक फेरी मोजत होता. वस्ताद काट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते.

चाळीस फेऱ्यांनंतर ती काट्यावर चढली. पन्नास सहाशे.

"चल, परत," तानाजी म्हणाला.

ती परत सुटली. आता ती स्वतःशी फेऱ्या मोजायला लागली होती. सतरा, अठरा, सतरा, अठरा, अठरा. वस्तादांनी मान वर केली. पोरगी बी.एस्सी. करतीय, हिला अठराच्या पुढचं कावून येईना? ते खुर्चीतून उठले.

"थांब गं," ते म्हणाले.

ती थांबली, पण उभी राहताना एक पाय वाकडा पडला. तानाजी पुढं झाला, गळ्यातल्या गमछ्यानं त्यानं लेकीचं कपाळ पुसलं आणि गमछा वस्तादांसमोर धरला. चेहरा फुललेला. "बघा वस्ताद. कोरडा. घाम आटला. सरली चरबी."

वस्तादांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. तव्यावर हात पडावा तसं झालं. असं कपाळ त्यांनी आधी एकदा हातानं पाहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी. त्या वेळी त्यांनी त्या कपाळाचा मुका घेतला होता आणि म्हणाले होते, शाब्बास रे माझ्या वाघा.

त्या वाघाचं नाव सत्यम. वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. तो वजनात बसला, पहिल्याच कुस्तीत मॅटवर आडवा झाला आणि उठला नाही. लघवी चहासारखी झाली होती. अकरा दिवस शहरातल्या दवाखान्यात. जीव वाचला, मूत्रपिंडं गेली. आजही आठवड्यातून दोनदा त्याची आई त्याला एसटीनं डायलिसिसला नेते. तिथल्या डॉक्टरनं वस्तादांना सरळ विचारलं होतं, "ह्यानं पाणी शेवटचं कधी प्यायलं?" आणि जन्मात खोटं न बोललेला हा माणूस म्हणाला, "डॉक्टर, पोरगा जिमची पावडर खात होता."

झालं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. पावडरनं पोराचं वाटोळं केलं. जिमवाल्याच्या दारात सहा महिने कुणी फिरकलं नाही. पावडरीचा एक डबा सत्यमच्या पेटीत सापडला होता खरा. सायराभाभींनी एकदाच विचारलं, "त्या डब्याचं तर सीलबी फुटलं नव्हतं ना जी?" वस्ताद त्यांच्या अंगावर असे ओरडले की त्या बाईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

वस्ताद माठाकडं गेले. घाईत तांब्यातलं निम्मं पाणी वाटेतच सांडलं. त्यांनी तांब्या आरोहीच्या ओठाला लावला.

"पी, बाळा."

आरोही हसली. ओठ फुटलेले, जीभ पांढरी, तरी हसली, आणि तिनं तोंड फिरवलं.

"बघितलं का वस्ताद," तानाजीचा आवाज अभिमानानं भरून आला. "हलली न्हाई पोरगी."

परीक्षा वाटली होती तिला. का वाटू नये? तेरा वर्षं हेच तर पाहिलं होतं तिनं. "परीक्षा न्हाई गं," ते म्हणाले, "खरंच पी."

"न्हाई वस्ताद. थोडंच राहिलंय." तिचे शब्द एकमेकांत अडकत होते.

"तालमीच्या बाहेर काढीन तुला. पी."

"काढत नसता तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा पळायला वळली.

वस्तादांनी तिचा दंड धरला. तिनं तो हिसडा देऊन सोडवला. आता तानाजी मध्ये आला. "वस्ताद, झाली की परीक्षा. सोडा तिला, लय तर तासाभराचं काम हाय."

"तानाजी, पोरगी जाईल."

"कुटं जाईल? काय बोलताय? आमची पोर पावडर खात न्हाई सत्यमसारखी."

दार उघडं होतं. बाहेर सावलीत तालमीची आठ-दहा पोरं बसलेली, सगळं ऐकत. वस्तादांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. तीस वर्षांचं नाव, आणि ते घालवायला एक वाक्य पुरणार होतं. गिळावं का बोलावं, एवढाच काय तो वेळ गेला असेल.

"सत्यमनं पावडर खाल्ली न्हवती," ते म्हणाले. "डबा बंद होता. पाणी मी तोडलं होतं त्याचं. अस्संच. अस्संच कपाळ होतं त्याचं, अन् मी खुश झालतो. घामानं चरबी जात न्हाई, तानाजी. पाणी जातंय. नुसतं पाणी. ही परवा विचारत होती ते बरोबर हाय."

तानाजीनं वस्तादांची गचांडी धरली. "ठाव होतं? तुमाला ठाव होतं? मग माझ्या पोरीला कावून उतरवलं पन्नासात?"

वस्तादांनी हात वर केला नाही. खरं सांगायचं तर त्या माणसानं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. आरोही मॅटच्या कडेला कोसळली होती.

मग कुणी कुणाची गचांडी धरायला थांबलं नाही. वस्तादांनी जर्किन टराटरा फाडलं. पोरांनी अख्खा माठ तिच्या अंगावर रिकामा केला, कुणी चादरी भिजवून आणल्या, कुणी रिक्षा बोलावली. दवाखान्यापर्यंत तानाजी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिचं नाव घेत होता. वस्ताद ओल्या कापडानं तिचे हातपाय पुसत होते आणि मोठ्यानं दुवा मागत होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. नाडी बघता बघता त्यांनी विचारलं, "पाणी शेवटचं कधी प्यायली?"

"काल सकाळी सातला," वस्ताद म्हणाले. "मी बंद केलं."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडं वर पाहिलं. बर्फ मागवला, सलाईन लावलं, लघवी तपासायला सांगितली. तानाजी बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. वस्ताद शेजारी बसायला गेले तर तो उठून दुसऱ्या टोकाला गेला.

पाच वाजता नर्सनं सांगितलं, ताप उतरतोय, पोरगी डोळे उघडतीय. तानाजीच्यानं उठवेना, बाकड्यावरच तोंड झाकून तो रडत होता. म्हणून आत वस्ताद गेले.

आरोहीनं डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग वस्तादांना, मग वरची बाटली. बाटलीवर तिची नजर थांबली ती हलेना.

"वस्ताद," ती म्हणाली, "ही किती ग्रामची हाय?"

वस्तादांनी बाटलीकडं पाहिलं.

"अर्धा किलोची असंल. सगळी गेली तर उद्या काटा..." आणि तिचा दुसरा हात सुईकडं गेला.

वस्तादांनी तो हात धरला. "उद्या जायचं न्हाई, बाळा. झालं ते."

"सोडा."

"माझं चुकलं. सगळं चुकीचं शिकवलं मी तुला."

"वस्ताद, सोडा ना. वजन वाढतंय माझं." ती रडायला लागली, पण डोळ्यांत पाणीच येत नव्हतं.

बाटली संपायला अजून पाऊण तास होता. तेवढा वेळ वस्तादांनी तिचं मनगट सोडलं नाही, आणि ती तेवढा वेळ ते सोडवत राहिली.