भाईदासची विसावी मुलाखत

प्रकाशा गावच्या भाईदासनं आजवर एकोणीस मुलाखती दिल्या आणि एकही नोकरी केली नाही. म्हणूनच मुलाखतीला जाताना काय घालावं, हे त्या पंचक्रोशीत त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

लोकांना हे मान्य आहे. ज्याला नोकरी लागली त्यानं एकच खोली पाहिलेली असते. भाईदासनं एकोणीस पाहिल्या. शिक्षणसेवकाची, साखर कारखान्याच्या कारकुनाची, पतपेढीची, विम्याची. प्रत्येक खोलीतून तो काहीतरी घेऊन बाहेर आला, नोकरी सोडून. आता वय सदतीस. तापीकाठी तीन एकर पपई आहे, आणि दिवस कलला की त्याच्या ओट्यासमोर इस्त्रीच्या कपड्यातला एखादा उमेदवार उभा असतो. भाईदास त्याला आधी चालायला लावतो. दारापासून खुर्चीपर्यंत माणूस येतो तोवर साहेबांना बघायला पायांशिवाय काही नसतं, हे त्याचं पहिलं सूत्र. नवे बूट नकोत, ते करकर बोलतात. खिशाला पेन एकच. दोन पेनांचा माणूस तपासणीला आल्यासारखा वाटतो. अत्तर नको. घाम येणारच असतो, आणि त्या दोघांचं पटत नाही.

त्याच्या हाताखालून गेलेले सात जण आज नोकरीत आहेत. त्यातले दोघं रस्त्यात दिसले तर हात करतात.

“एकोणीस दाव बाशिंग बांधं, नवरी एक भी मियनी नही,” त्याची माय ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची. “आन आते दुसरासले बाशिंग बांधत बसस.”

“बाशिंग तर नीट बांधस ना, माय?” एवढंच भाईदास म्हणायचा.

तर म्हसावदला शेतकऱ्यांच्या एका कंपनीनं माती तपासायचं केंद्र काढलं. खिडकीवर बसायला माणूस हवं होतं. शेतकऱ्यानं आणलेली माती घ्यायची, तपासणीचा कागद आला की त्याला समजेल असं समजावून सांगायचं. जागा एक. भाईदासची बायको रिना शहाद्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत तिच्या शिक्षणाचा उपयोग करणारी, आणि जाऊन येऊन करण्यासारखी, ही पहिली जाहिरात. नाशिकला नोकऱ्या पुष्कळ, पण नाशिकला पपई नेऊन लावता येत नाही. ही जागा गेली तर पुढची कधी, हे कोणी सांगू शकत नव्हतं. रिनानं अर्ज केला, आणि भाईदासनं दहा दिवस हातात घेतले.

साडी ठरायलाच तीन दिवस गेले. लग्नाची वाटू नये, दुखवट्याची वाटू नये. शेवटी फिकट हिरवी सुती निघाली. मग पिना. भाईदासच्या चौदाव्या मुलाखतीत त्याच्या आधी आत गेलेल्या एका बाईचा पदर पंख्याच्या वाऱ्यानं उडाला आणि सरळ अध्यक्षांच्या चहात पडला. बाईची उत्तरं चांगली होती म्हणतात. भाईदास ते विसरला नव्हता. खांद्यावर चार पिना, कमरेला तीन, निऱ्यांना दोन, आणि पदराचं मागचं टोक उडू नये म्हणून पाठीमागं परकराला दोन. अकरा.

“आते वादय उनं तरी हालाव नही,” तो लांब उभा राहून म्हणाला.

“आन मी हालू का नको?”

“खुर्चीवर बसाले हालनं पडत नही.”

रिनाच्या मुलाखतीची गोष्ट त्यानं भाऊबंदांत कोणाला सांगितली नव्हती. एकोणीस वेळा आधी सांगून पाहिलं होतं.

जानेवारीतली सकाळ होती. दोन्ही बाजूंना पपईचे बाग, खाली वाकलेली पिवळी फळं, वर नांगरटीचा धुरळा सोन्यासारखा उभा. सोनं असलं तरी ते साडीवर बसतं, म्हणून भाईदासनं रिनाला गळ्यापासून टाचेपर्यंत जुन्या चादरीत गुंडाळलं होतं आणि मोटारसायकल तो बैलगाडीच्या धीरानं चालवत होता. शहादा ओलांडल्यावर लुनावरचा एक म्हातारा त्यांच्या पुढे गेला आणि मागे बघत बघत गेला. त्याला ती दवाखान्याची केस वाटली असावी.

म्हसावदला सहा उमेदवार होते, रिना चौथी. खोलीला काचपट्ट्यांची खिडकी होती आणि खिडकीखाली सिमेंटचा बाक. भाईदासनं तो बाक हेरला. पहिला उमेदवार नव्या बुटात आला होता. भाईदासनं त्याला मनातल्या मनात निरोप दिला.

दुसरा आत असताना दारात एक जीप थांबली. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी नाही पण असावी असं चालणं. उमाकांतदादा. भाईदासचे थोरले चुलतभाऊ, घरापासून दोन घरं सोडून राहणारे, कंपनीचे जुने भागधारक. शिपाई म्हणाला, मुलाखत घेणाऱ्यांतले तिसरे सदस्य सुरतेला मयतीला गेले, म्हणून सकाळी दादांना फोन करून बोलावलं. यादीत त्यांनी रिनाचं नाव पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. तिच्या कागदांवर माहेरचं नाव होतं.

ज्यानं त्या भागातलं घर पाहिलं आहे त्याला यापुढचं सांगायला नको. ज्यानं पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. दादा हे रिनाचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठ समोर आला की सुनेनं पदर कपाळाखाली ओढायचा आणि बोलायचं नाही. फारच निकड असली तर मध्ये कोणाला तरी घेऊन बोलायचं. जेठही तसाच, तोही थेट बोलत नाही. याला लाज म्हणतात. रिनानं ती सात वर्षांत एकदाही चुकवली नव्हती.

“दादा मझार बठेल शेतस,” भाईदास खोलीच्या आत बोट दाखवत तिला म्हणाला.

रिनाचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर जागचा हलला नाही.

“पिना काढा.”

“कोणती?”

“माले काय माहीत? तुम्हीच गिनेल शेत ना!”

भाईदासनं मागची एक काढली. दुसरी वाकली आणि परकरात अडकून बसली. त्याच्या एकोणीस खोल्यांत पंखे होते, फायली होत्या, कोरडे साहेब होते, हसरे साहेब होते. जेठ एकाही खोलीत नव्हता.

“सात वरीस व्हई ग्यात,” रिना हळू म्हणाली, “एक शबद बोलेल नही मी त्यासनासंगे.”

“मंग घर जाऊत?” भाईदासनं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज बारीक झाला.

शिपायानं नाव पुकारलं. ती उघड्या डोक्यानं, सरळ पावलं टाकत आत गेली. चाल चांगली होती, हे भाईदासला त्याही वेळी दिसलं.

तो बाकावर बसला. काचपट्ट्यांतून आतलं अर्धं दिसत होतं, ऐकू सगळं येत होतं.

उमाकांतदादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नंतर मान वर करून पंखा बघायला लागले. अध्यक्षांनी नाव-गाव विचारलं, तिनं सांगितलं. धुळ्याहून आलेल्या मॅडमनी मातीचा सामू, म्हणजे पीएच, काय असतो ते विचारलं, तिनं ते हळदीचं पाणी, चुना आणि लिंबू यांचा दाखला देऊन सांगितलं. मग दादांची पाळी आली.

“मॅडम,” दादा पंख्याला म्हणाले, “यांना विचारा, माती कोणत्या महिन्यात तपासावी?”

मॅडमना समजलं नाही, पण त्यांनी विचारलं.

“मॅडम,” रिना टेबलाला म्हणाली, “सरांना सांगा, पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी.”

असे चार प्रश्न झाले. मॅडम इकडून तिकडे मान फिरवत होत्या. अध्यक्षांनी मध्येच विचारलं की दादांना कमी ऐकू येतं का.

मग दादांनी पंख्यावरची नजर न काढता पाचवा प्रश्न टाकला. “मॅडम, यांना विचारा, या खिडकीवर गावोगावचे शेतकरी येतील. त्यात यांचे सासरे असतील, जेठ असतील. तेव्हा मध्ये कोणाला बसवणार?”

भाईदासनं डोळे मिटले. त्याच्या मते ही विसावीही गेली.

“दादा,” रिना म्हणाली.

ती मॅडमकडे बघत नव्हती.

“दादा, तुमच्या नदीकाठच्या वावरात पांढरी खार फुटते. केळी दरवर्षी पिवळी पडते आणि तुम्ही दरवर्षी युरिया वाढवता. बोअरचं पाणी मचूळ आहे, खार तिथून येते. आधी पाणी तपासा, मग माती. युरिया थांबवा. जिप्सम किती लागेल ते कागद आल्यावर सांगता येईल. हे मी पहिल्या वर्षापासून बघते आहे. मध्ये सांगायला कोणी नव्हतं.”

दादांनी पंखा सोडला. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, जसं माणूस आपल्याच वावरात उभ्या अनोळखी माणसाकडे बघतो.

“माझे प्रश्न संपले,” ते अध्यक्षांना म्हणाले.

बाहेर येऊन रिनानं भिंतीआड उरलेल्या पिना काढून घेतल्या आणि डोक्यावर पदर घेतला. वाटेत भाईदासनं चादर दिली तर ती नको म्हणाली. प्रकाशा येईपर्यंत दोघांच्यात एवढंच बोलणं झालं.

“युरियानं बोलनं जरूरी व्हतं का?”

“व्हतं.”

घरी मायनं सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. आठ दिवस दादांच्या घरचं कोणी आलं नाही, रोजचं ताकही आलं नाही.

नवव्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. दादांनी नातं आहे म्हणून गुण दिलेच नाहीत, कागद कोरा परत केला. बाकी दोघांच्या गुणांवर जागा रिनाला मिळाली. सोमवारपासून या.

ओट्यासमोर आता बायकाही उभ्या राहू लागल्या. भाईदास त्यांना पिना पाचच सांगतो, आणि कारण विचारलं तर सांगत नाही.

रिना कामावर लागून तिसरा आठवडा होता. शनिवार, खिडकीवर रांग. भाईदास तिला न्यायला आला होता तेव्हा रांगेत चौथ्या जागी पांढरी टोपी दिसली. तो मोटारसायकलच्या आड झाला. पुढचे तिघे आटोपले आणि उमाकांतदादा खिडकीशी आले. रिनाच्या डोक्यावर पदर होता, कपाळाच्या वर. समोर रजिस्टर होतं.

“नाव?” तिनं विचारलं.

घराण्यातल्या कोणत्याही सुनेनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. विचारायचा तर प्रश्नच नव्हता. दादांनी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, गावाचं, गट नंबर. रिनानं ते नीट अक्षरात लिहिलं. मग फळीवर ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

“ही युरियाची पिशवी आहे.”

“धुतलेली आहे.”

“तरी चालत नाही. आकडे चुकतात. स्वच्छ कापडी पिशवीत आणा. बांधाजवळची आणि झाडाखालची माती घेऊ नका.”

“उद्या आणतो.”

“उद्या रविवार. सोमवारी आणा.”

दादांनी मान हलवली आणि पिशवी उचलली. त्यांच्या मागच्या माणसानं आपल्या हातातली पिशवी एकदा पाहिली आणि तो गुपचूप रांगेतून बाहेर पडला. त्याच्या मागचे दोघेही.