चुलीवरचे झिंगे

नवनाथच्या हातचे भट्टीत भाजलेले झिंगे खायला माणसं त्या गोव्यातल्या हॉटेलात लांबून यायची. त्याच्या बायकोने, सुरेखाने, मात्र ते कधी खाल्ले नव्हते.

उमेदीचा सगळा काळ त्याने तिकडे आचारी म्हणून काढला. गावी, उमापूरला यायचा तो वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या जयंतीला. सुरेखा दर वेळी म्हणायची, "अवं, लोकायला घालता ते मला बी एकदा करून घाला की."

"इथं भट्टी कुठाय? ते चुलीवरचं काम न्हाई," असं म्हणून तो कूस बदलायचा. वर्षभर आगीपुढे उभं राहिलेल्या माणसाला सुट्टीत पातेल्याकडे बघवत नसे. ती हट्ट करत नसे. भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवायची, अन् हा बोटं चाटून खायचा.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. तिखट तर जिभेला लावायची सोय राहिली नाही. नवनाथ नोकरी सोडून कायमचा घरी आला. तिला मऊ भात कालवून देताना एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, आपल्या झिंग्यांत तिखट नसतंच की!

गेवराईहून त्याने विजेची छोटी भट्टी आणली, गोदाकाठच्या भोयाकडून ताजे झिंगे आणले. सोलून, पाठीतला काळा दोरा काढून ते लोणी-लसणात घोळवले, वरून पावाचा चुरा भुरभुरला. ताटली भट्टीत सरकवली आणि लाईट गेली. दुपार कलायला लागली तरी येईना. झिंगे नासणार म्हणून तो कपाळाला हात लावून बसला.

"असं कावून बसलात?" बाजेवरून सुरेखाचा घोगरा आवाज आला. "पातेल्यात ठिवा. खाली मंद जाळ, वर झाकणावर निखारे. सायलीच्या वाढदिवसाला केक केलता, तो असाच की."

लेकीचा तो केक नवनाथने पाहिलाही नव्हता.

त्याने तसंच केलं. झाकण काढलं तेव्हा चुरा सोनेरी झाला होता, झिंगे गुलाबी होऊन अलगद आखडले होते. गोव्याच्या भट्टीत व्हायचे तसेच. नवनाथ हातात चिमटा घेऊन नुसता बघत राहिला. चूल हीच होती, पातेलंही हेच. इतकी वर्षं.

सुरेखाने एक झिंगा बराच वेळ चावला.

"कसं झालंय?"

"लई मऊ हाय. गिळायला बी येतंय."

"आन चव?"

तिने मान हलवली. "न्हाई लागत."

"माझंच चुकलं, सुरेखा. तवाच करायला पायजे व्हतं."

"व्हतं खरं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "गार व्हायलंय. तुमी बी घ्या."

तिने आणखी दोन मागून घेतले. ती सावकाश चावत राहिली. त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो पाठमोरा होऊन चुलीतली राख ओढत बसला.