शाळेच्या वेबसाइटवर नसलेली बारा घरं

त्याने माझं बोट धरलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. माऊसवर दाबलं आणि म्हणाला, "आप डिलीट कीजिए, मैडम."

मी हात मागे ओढला. त्याने बोट सोडलं नाही, उलटं वाकवलं. कट्ट आवाज आला. कॉम्प्युटरच्या खोलीत आणखी दोन शिक्षिका होत्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोट मोडलं तरी तो मला 'आप'च म्हणत होता. लखनौची तहजीब ही अशी.

तो शाळेचा मालक. सगळे त्याला मैनेजर साहब म्हणतात. जानकीपुरममधल्या त्याच्या शाळेत मी सात वर्षं इतिहास शिकवत होते. नवऱ्याची रेल्वेतली बदली, म्हणून आम्ही जालन्याहून इथे आलो.

पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एकीने विचारलं होतं, "आप लोग क्या होते हैं?" जात विचारायची ही इथली रीत. मी म्हणाले, "मराठी." बाई खूश झाली. माझ्या आडनावावरून इथे कुणाला काही कळत नाही. डब्यात पोळी-भाजी, कपाळाला टिकली, स्वच्छ बोलणं. त्यांनी मला पंडिताइन, म्हणजे ब्राह्मणीण, ठरवलं आणि मी ठरवू दिलं. सात वर्षं. मोडक्या बोटापेक्षा ती लाज मला जास्त दुखते.

पुस्तकातल्या इतिहासाला मुलं जांभया द्यायची. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी इंटरनेट धुंडाळायला लागले. घबाडच सापडलं. जुने नकाशे, जुन्या वर्तमानपत्रांची पानं, फोटो, म्हाताऱ्या माणसांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या आठवणींची रेकॉर्डिंग्ज. कचराही ढीगभर होता. मग आठवीच्या वर्गाकडून मी तीन प्रश्न घोकून घेतले. कुठलीही साइट उघडली की विचारायचं, हे कोणी लिहिलं? कशावरून लिहिलं? यात कोण नाही? शाळेच्या खात्यावर चांगल्या लिंकांची एक ऑनलाइन यादी केली. तिच्यात मुलांनीही भर घालायची, असं ठरलं.

मुलांनी ते प्रश्न आमच्याच शाळेच्या वेबसाइटला विचारले.

तिथे 'हमारा इतिहास' नावाचं पान आहे. मैनेजर साहबचे आजोबा, त्यांची पांढरी हवेली, त्यांचा दानधर्म, हवेलीच्या अंगणात भरलेला पहिला वर्ग. काजल उभी राहिली. तिची आई शाळेतच झाडू मारते. काजल म्हणाली, "मैडम, इसमें मेरी दादी नहीं हैं."

दुसऱ्या दिवशी ती आईच्या फोनवर आजीला रेकॉर्ड करून घेऊन आली. चार मिनिटं. आजी सांगत होती, "मुँह-दिखाई में सास ने मुझे बारह घर दिए. पहला घर सफ़ेद हवेली. बोलीं, कल से यहाँ का तू उठाएगी."

नव्या सुनेचं तोंड बघून लोक दागिना देतात. हिला बारा घरांचे संडास दिले. टोपली डोक्यावर. पावसात टोपली गळायची आणि तोंडावर यायचं. ते रेकॉर्डिंग मी यादीत सगळ्यात वर टाकलं. संध्याकाळपर्यंत त्याची लिंक पालकांच्या ग्रुपवर पोचली होती, आणि सकाळी मला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावणं आलं.

"आप तो पंडित घर की हैं," बोट मोडल्यावर तो समजावायला लागला. "इन लोगों के चक्कर में कैसे पड़ गईं? मिटा दीजिए, बात ख़त्म."

मान हलवली असती तर नोकरी राहिली असती. पंडिताइनपणही राहिलं असतं. खोटं कशाला सांगू, मान हलवायचा विचार माझ्या मनात आला. बोट सुजून निळं होत होतं आणि मी हिशेब मांडत उभी होते.

मी माऊसला हात लावेना, तेव्हा त्याने काजलला बोलावून आणलं. "तू मिटा." पोरीने मान हलवली, नाही म्हणून. त्याने तिच्या कानशिलात भडकावली. ती टेबलाच्या कडेवर आदळली, ओठ फुटला. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला. तो हात मी धरला आणि चावले. दात रुतेपर्यंत चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडला नाही.

सोडला तेव्हा ओरडले, "मैं मांग हूँ. मेरी माँ ने नालियाँ साफ़ की हैं. उसी के झाड़ू ने मुझे पढ़ाया है."

तो हात दाबत मागे सरला. सात वर्षांत पहिल्यांदा 'आप' गळून पडलं. "निकल. तू निकल यहाँ से." मग त्या दोघींकडे वळून म्हणाला, "इसकी कुर्सी धुलवाइए." त्यातली एक दर होळीला माझ्या हातची पुरणपोळी मागून खायची. ती बादली आणायला गेली.

यादी त्याने स्वतःच मिटवली. काजलच्या आईने भीतीने फोनवरचंही पुसून टाकलं. "मेरी नौकरी चली जाएगी, दीदी," म्हणाली. मी तिला दोष देत नाही.

हाताला प्लास्टर घालून मी काजलच्या घरी गेले. आजी खाटेवर बसली होती. तिने प्लास्टरकडे बघितलं आणि विचारलं, "तुम लोग क्या होते हो?"

मी सांगितलं. जात, गाव, आईचं काम.

आजी म्हणाली, "तो पहले तुम बोलो. फिर मैं."

रेकॉर्डिंग सुरू करून माझा फोन खाटेवर ठेवला. आधी मी बोलले, सात वर्षांच्या लपवालपवीसकट. मग आजी बोलली. या वेळी तिने बाराही घरांची नावं घेतली. हवेलीच्या मालकाचं नाव बापाच्या नावासकट घेतलं आणि म्हणाली, "लिख लो, अब मैं किसी से नहीं डरती."

दोन्ही रेकॉर्डिंग्ज मी इंटरनेटवर चढवली आहेत, एका नाही, चार ठिकाणी. प्लास्टर निघाल्यावर पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या कागदावर माझी जात मी माझ्या हाताने लिहिली. बोट वाकडंच जुळलं, अक्षरही वाकडं आलं. आलमबागच्या एका शाळेत परवा मुलाखत आहे. नोकरी मिळाली तर पहिल्या तासाला मी आधी माझी जात सांगणार, मग मुलांपुढे 'हमारा इतिहास' हे पान उघडणार, आणि त्याच्या शेजारी आजीचा आवाज लावणार. नाही मिळाली तर दुसऱ्या शाळेत जाऊन हेच करणार.