आतून उघडायची दारं

रोहा आणि पेण यांच्या दरम्यान जेवढे म्हणून स्क्रू आहेत ते सगळे आपल्याला ओळखतात, अशी माझ्या घरमालकीणबाईंच्या यजमानांची खात्री आहे; आणि इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत काढल्यावर माझीही तशीच खात्री होत चालली आहे. एसटीत बसले की आधी पुढच्या सीटची दांडी हलवून बघतात. गडबच्या थांब्यावर एकदा चहावाल्याच्या बाकड्याचा पाय डुगडुगताना दिसला म्हणून खिशातला पेचकस काढून खाली वाकले, पाय घट्ट करून वर बघतात तर एसटी नागोठण्याच्या वाटेला लागलेली. लग्नाच्या मांडवात नवरानवरीच्या खुर्च्या उलट्या करून पाहिल्याशिवाय ते अक्षता हातात घेत नाहीत.

घरमालक म्हटलेलं त्यांना चालत नाही, म्हणून ते काका आणि घरमालकीणबाई काकी. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातलं हे घर काकींच्या वडलांचं. काका मूळचे पेणचे, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातले, आणि इथे आले ते घरजावई म्हणून. त्यांच्या पोटापाण्याचा उद्योगही विचित्र योगायोगाने तसाच. रोह्यातल्या एका लहानशा कारखान्यात विजेच्या कपाटांची पत्र्याची दारं होतात. त्या दारांना असा एक स्क्रू असतो की तो पुरता सैल केला तरी खाली पडत नाही, दारालाच लोंबकळत राहतो. पत्र्याला भोक पाडायचं, त्यात स्क्रूची बाही, म्हणजे त्याच्याभोवतीची नळी, प्रेसखाली दाबून बसवायची, की ती पत्र्याला कायमची धरून राहते. हे दाबण्यासाठी वरचा पंच आणि खालची बैठक लागते, आणि ती बनवणारे काका. इंग्रजी नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी तो घरजावई. "फिरव कितीपन. घर सोडायचा नाय," असं ते नवीन माणसाला सांगत, आणि सांगताना काकींच्या घराच्या दिशेने बघत.

मी वाशीमकडून आलो तेव्हा माझं वय तीस होतं, शिक्षण सातवीपर्यंत आणि छाती सदा धडधडती. तीन महिने काम बघून ठेवायचं की नाही ते ठरवू, असं कारखान्याच्या मालकांनी सांगितलेलं. त्यामुळे कोणी काही दिलं की मी आधी आभार मानायचो, मग काय दिलंय ते बघायचो. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा उघडला. एका कप्प्यात तांदळाची भाकरी, दुसऱ्यात वालाचं बिरडं आणि तिसऱ्यात करड्या रंगाचा मऊ गोळा. तो कप्पा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. कोकणातला काही प्रकार असेल, नाही म्हटलं तर वाईट दिसेल, म्हणून मी बोटभर घेऊन गिळला. काका माझ्या घशाकडे बघत होते. मग अगदी काळजीने त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर हाय ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. ती शाडूची माती होती. पंच आणि बैठक एका रेषेत आहेत का, हे काका त्यांच्यामध्ये शाडूचा गोळा दाबून, त्यावरच्या ठशावरून ओळखत. पेणच्या कारखान्यात लहानपणी बोटांना लागलेली सवय. माती त्यांनी नुसती हातात ठेवायला दिली होती. पुढे महिनाभर सारा कारखाना मला जेवताना "मीठ?" म्हणून विचारत होता.

मोजमापाशी त्यांचं वेगळंच. मायक्रोमीटर पेटीत झोपलेला, आणि हे सांगणार की खाच वालाच्या सालीएवढी घे, किंवा कणीभर कमी कर. मालकांनी एकदा चिडून मोजून बघितलं. माप बरोबर निघालं. तेव्हापासून मालकही आम्हाला सालीत सांगू लागले.

आणि ते रुसत. काकींशी भांडण झालं की पिशवीत दोन सदरे कोंबून, "चाललो गो मी पेनला, कायमचा," म्हणून निघत. कुंडलिकेचा पूल ओलांडून रोहा स्टेशन, तिथून पनवेलची गाडी. गाडीत बसलं की त्यांना झोप लागते. पेण झोपेत निघून जातं आणि जाग येते ती पुढच्या जिते स्टेशनात. तोवर राग उतरलेला असतो. समोरून येणारी गाडी धरून संध्याकाळी घरी. काकी ताट वाढता वाढता एवढंच विचारायच्या, "काय वो, जित्यापरेंत?" आणि काका मान हलवून जेवायला बसत. मला काकींनी पहिल्याच वेळी सांगून ठेवलं होतं, "घाबरू नको रे. सैल होतो तो. सुटत नाय."

तिसरा महिना भरत आला तेव्हा मी चाळीस दारं उलटी केली. नकाशात सलग रेघ म्हणजे समोरची बाजू आणि तुटक रेघ म्हणजे मागची, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली. दोन दिवस मी मन लावून, एकेक स्क्रू शाबासकी मिळेल अशा बेताने बसवला, सगळे आतल्या बाजूने. शनिवारी दुपारी काका रचलेल्या दारांपाशी थांबले, वरच्या दारावरून हात फिरवला आणि ते उचलून उलटं ठेवलं. मंगळवारी माल जायचा होता. मी खरं ते सांगून टाकलं: सातवी, रेघा, सगळं.

"नकाशा येत नाय हे सांगायला लाज वाटली," काका म्हणाले, "आनि चाळीस दारं उलटी करताना नाय वाटली?"

तोडगा आहे म्हणाले, पण एका अटीवर. मालकांना मी स्वतःच सांगायचं. माझ्या डोळ्यांपुढे वाशीमची गाडी उभी राहिली. मालकांपुढे मी कसंबसं बोललो. ते संतापून उठले तसे काका नमुन्याला ठेवलेल्या रिकाम्या कपाटात शिरले, माझं एक दार समोर ओढून घेतलं आणि आतून एकेक स्क्रू फिरवत, अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "मालक, दारं बरोबर हायत. फकस्त परत्येक कपाटात एक मानूस ठेवाया लागंल. पहिला मी देतो, माझ्याकडं भाडेकरू हाय." मालक आधी खुर्चीत बसले, मग हसले. मंगळवारपर्यंत काय करायचं ते करा, म्हणाले.

रविवारी आम्ही दोघंच होतो. काकांनी एक पोकळ दांडा करून स्क्रू मागून ढकलून काढले. भोकं किंचित मोठी झाली, बाही पुन्हा धरेना. तेव्हा त्यांनी नव्या पंचाच्या तोंडाला वालाच्या सालीएवढी कडा ठेवली. ती दाबताना भोकाभोवतीचा पत्रा आत लोटायची. शाडूवर ठसा घेतला, कडा सगळीकडून सारखी उमटली. आणि बैठकीच्या एका अंगाला त्यांनी एक खुंटी ठोकली. मूर्तीच्या दोन अर्ध्या साच्यांना खाच ठेवतात, म्हणजे ते एकाच तऱ्हेने जुळतात. तशीच ही खुंटी. दार उलटं ठेवलं की बसतच नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत चाळीस दारं सुलटी झाली आणि मी कायम झालो. रेघा वाचायला मला काकांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, शाडूच्या गोळ्यावर काडीने काढून.

काकी गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. घर मोकळं आहे, पेणला भाऊ बोलावतात, अडवणारं कोणी नाही. पण काका कुठे जात नाहीत. रुसत नाहीत, हीच खरी पंचाईत. संध्याकाळी पायरीवर बसून पेचकस नुसता हातात फिरवत राहतात.

परवा मला राहवलं नाही. सकाळी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, काका, तुमची ती खुंटी वालाच्या सालीएवढी चुकली आहे, मायक्रोमीटरने मोजली मी. ते लाल झाले. सातवीतल्या माणसाने आपल्याला शिकवू नये, वाशीमला माती खातात, असं बरंच बोलले. पिशवीत दोन सदरे कोंबले. "चाललो मी पेनला, कायमचा." पुलावरून दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो. मग आत जाऊन वाल भिजत घातले.

दिवेलागणीला फाटक वाजलं. मी ताट वाढायला घेतलं आणि मान न वळवता विचारलं, "काय वो, जित्यापरेंत?"

मग मागे पाट सरकल्याचा आवाज आला.