हेल्मेटमधून घरी आलेली इंग्रजी

आमचं घर मराठी, पण शहर हिंदी बोलणारं. माझे बाबा इथे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवतात. मागच्या वर्षी तिथे नवे मॅनेजर साहेब आले आणि त्यांच्यामुळे आमच्या घरात इंग्रजी वाक्प्रचार येऊ लागले.

सकाळी काम सुरू होण्याआधी साहेब सगळ्यांना गोळा करून थोडा वेळ बोलायचे, इंग्रजीत. त्यात एखादं वाक्य असं निघायचं की शब्द सगळे ओळखीचे, पण हाती काहीच लागत नाही. सगळे मान हलवायचे. साहेबाला उलट विचारणं आमच्याकडे अदब सोडल्यासारखं वाटतं. मग चहाच्या वेळी कोणीतरी बाबांना म्हणायचं, "भिया, बिटिया से पूछ के आना." बिटिया म्हणजे मी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

बाबा ते वाक्य दिवसभर सांभाळायचे. संध्याकाळी स्कूटरवर, विसरू नये म्हणून, हेल्मेटच्या आत पुटपुटत यायचे. दारात पोचले की बूटसुद्धा काढायचे नाहीत.

"थांब, आधी ऐक. लो हँगिंग फ्रूट."

"आधी हात धुवा," आई आतून म्हणायची.

"हात धुतले की ते पण धुऊन जातं."

मला बहुतेक वेळा अर्थ येत नसे. माझी शाळा हिंदी माध्यमाची, आणि कॉलेजातलं इंग्रजी अजून अंगाला बसलेलं नव्हतं. बाबांना ते ठाऊक होतं. "बघून सांग, घाई नाही," म्हणायचे. मी फोनवर बघायचे. तिथे अर्थ एका ओळीत मिळतो: कमी कष्टात मिळणारं यश. पण तेवढ्यावर बाबांचं भागायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी चहावर त्यांना तो सगळ्यांना समजवायचा असायचा.

"उदाहरण दे ना काहीतरी."

मग मी विचार करत बसायचे. हातोदला मावशीच्या अंगणात जामचं झाड आहे. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. "मावशीकडे आपण खालच्या फांदीचे जाम आधी तोडतो ना, ते," मी म्हटलं. बाबा खूश झाले.

'ऑन द सेम पेज' आलं तेव्हा मी सांगितलं की सगळ्यांना एक गोष्ट सारखीच कळलेली असणं. बाबा म्हणाले, "मग आम्ही आहोतच की. कोणालाच काही कळलं नव्हतं." 'बॅक बर्नर', म्हणजे सध्या बाजूला ठेवलेलं काम, आईला पटलंच नाही. आमच्या गॅसला दोन शेगड्या, त्याही शेजारीशेजारी. "मागे कुठाय काय?" ती म्हणाली. पण आठवड्याभरात घराच्या रंगाचा विषय निघाला तर तीच म्हणाली, "ते सध्या मागच्या शेगडीवर."

मला हे दिवस आवडायचे. कॉलेजात मी सगळ्यात मागे होते, आणि घरी एका कारखान्याला माझी गरज होती.

एका संध्याकाळी मात्र बाबांनी वाक्य दारात सांगितलं नाही. जेवताना, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बॉल इज इन युअर कोर्ट. हे काय असतं?"

"कोणाला म्हणाले?"

"मला. मागच्या हप्त्यात केबिनमध्ये बोलावलं होतं. शिफ्ट इन्चार्जची जागा खाली होतेय, तुमचा एक्सपीरियन्स मोठा, असं काय काय. शेवटी हे म्हणाले. मला वाटलं तारीफ आहे. मी थँक्यू सर म्हटलं आणि आलो."

"आणि आज?"

"आज गेटवर भेटले. म्हणाले, सॅटरडेपर्यंत सांगा, नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल. मतलब काय सांगू? त्यांनी विचारलं काय ते तर कळू दे."

याचा अर्थ मला फोनशिवाय येत होता. "बाबा, म्हणजे त्यांचं बोलून झालंय. आता तुम्ही ठरवायचं. इतके दिवस ते तुमच्या उत्तराची वाट बघतायत."

बाबांनी पाणी प्यायलं. किती वर्षं ते त्याच मशीनसमोर उभे राहिले आहेत. इन्चार्ज नेहमी दुसराच कोणीतरी झाला. आता जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती आणि उत्तर न दिल्यामुळे जाणार होती.

मी म्हटलं, 'पूर्ण प्रयत्न करीन' हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मी शिकवते. 'आय विल गिव्ह इट माय बेस्ट शॉट.' बाबांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. 'शॉट'पाशी येऊन थांबायचे.

"येतंय तर," आई म्हणाली.

"येतंय. पण मी बोलतोय असं नाही वाटत."

"मग मराठीत सांगा," मी म्हटलं. "साहेब पुण्याकडचेच आहेत ना?"

बाबा म्हणाले, "फोनवर बोलताना ऐकलंय मी त्यांना. एकदम पुस्तकासारखं. आपली खिचडी ऐकतील तर काय म्हणतील?"

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले असं म्हणतात. मराठी घरात राहिली, पण तिच्यात हिंदी इतकी मिसळली की आता वेगळी काढता येत नाही. बाबांचं आडनाव साहेबांना दिसतं, तरी 'जी सर'च्या पुढे बाबा गेले नव्हते. आणि मी? आमच्या कॉलेजात एक मॅडम नाशिककडून आल्या आहेत. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याशी मराठीत बोलले, त्या हसून म्हणाल्या, "किती गोड बोलतेस गं." त्यांनी मनापासूनच म्हटलं असेल. पण त्यानंतर मी त्यांच्याशी मराठी बोललेले नाही. इंग्रजीत चुकलं तर निदान सगळेच चुकतात.

शनिवारी संध्याकाळी स्कूटर थांबली तेव्हा आई आणि मी दारातच होतो. बाबांनी हेल्मेट काढलं. तोंडात कुठलंच वाक्य नव्हतं.

"गेलो मी. म्हटलं, आय विल गिव्ह. आणि पुढचं गेलं."

"मग?"

"मग म्हटलं, साहेब, मला बोलायचं आहे, पण माझी मराठी जरा गडबड आहे." बाबा पायरीवर बसले. "खुर्चीवरून उठले ते. म्हणाले, अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? माझी हिंदी तुमच्या मराठीपेक्षा वाईट आहे. पहिल्या दिवशी हिंदीत बोललो तर मागे कोणीतरी हसलं, म्हणून इंग्रजी धरली."

"कोण हसलं होतं?" आईने विचारलं.

"असेल कोणीतरी." बाबांनी बूट काढायला घेतले. "मी म्हटलं, हसतील. दोन दिवस हसतील, मग ऐकतील. मी इन्चार्ज बनतो, पण सकाळचं हिंदीत बोला. मलाच कळलं नाही तर मी लोकांकडून काम कसं करून घेऊ?"

साहेबांनी थोडा विचार केला म्हणे. मग म्हणाले, "बोलतो, पण तुम्ही शेजारी उभं राहायचं. चुकलो की तिथेच सांगायचं."

"मतलब तुम्ही हो म्हणालात," आई म्हणाली.

"हो म्हणालो."

"बुधवारी खजरान्याच्या गणपतीला जाऊन येते," असं म्हणून ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "हात धुवा आता."

आता बाबा आले की सरळ हात धुवायला जातात. साहेबांची हिंदी अजून अडखळते, बाबा शेजारी उभे असतात, लोक हसतात आणि ऐकतात. स्कूटरचा आवाज आला की मी अजून दाराशी जाते. चांगलंच झालं आहे, तरी कधी कधी वाटतं, एखादं वाक्य यावं.

परवा मीच एक सांगितलं. "बाबा, आज मॅडम म्हणाल्या, टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट."

"म्हणजे?"

"वर्गात कळलं नाही. मी मान हलवली."

टॉवेलने हात पुसत बाबा माझ्याकडे बघत राहिले. "नाशिकवाल्या मॅडम ना?"

"हो."

"मग?"

अर्थ मी नंतर फोनवर पाहिला. ऐकलेल्या गोष्टीवर पूर्ण भरवसा न ठेवणं, असं काहीसं लिहिलं होतं. उदाहरण अजून सुचलेलं नाही. उद्या मॅडमचा तास आहे, त्यांनाच विचारेन. काय विचारायचं ते मी मराठीत मनात म्हणून पाहते आहे. मध्ये दोन ठिकाणी हिंदी येते. ती मी काढलेली नाही.