थांबाताईंनी वाचवलेली एकतीस वर्षं

आमच्या कंपनीत आम्ही सात जण होतो आणि त्यात वयाने सगळ्यांत मोठ्या थांबाताई. आधी सतरा वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा चाळिशी दोन वर्षांवर आलेली, नवरा बसचालक, मुलगी सातवीत. ताईंनी रडगाणं गायलं नाही. सकाळच्या वर्गात नाव घातलं आणि प्रोग्रॅमिंग शिकल्या.

आमचा प्रोग्रॅम बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायचा. कुठली फाइल कुठल्या कप्प्यांत ठेवली आहे याची नोंद डिस्कवरच असते. ती विस्कटली की आमचा प्रोग्रॅम तपासून पुन्हा जुळवून द्यायचा. या कोडमध्ये ताईंनी जागोजागी असर्शन पेरली होती. असर्शन म्हणजे एक ओळ: इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर पुढे जाऊ नकोस, थांब. त्यावरून थांबाताई हे नाव मीच ठेवलं. त्यांनीही सोडलं नाही, मला घाईबुवा करून टाकलं.

घरीसुद्धा त्यांची थट्टा चालायची. "आई, भाजीत मीठ आहे हे गृहीत धरू की तपासू?" मुलगी विचारायची.

"तपास. मी केलीय म्हणून तर तपास!"

एकदा ग्राहकांसमोर आमचा प्रोग्रॅम दोनदा अडला आणि साहेब भडकले. "दुरुस्त करणाऱ्यानेच मान टाकली तर शोभतं का? काढून टाका त्या ओळी."

ताई दोन दिवस कोड वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "साहेब, थोडं माझंही चुकलंय. डिस्कवर काय असणार हे मी ठरवून बसले होते. पण आजारी म्हणून तर ती आपल्याकडे येते. ती वेडंवाकडं बोलणारच. तिथे थांबायचं नाही, सावरून घ्यायचं. तशा साठ ओळी मी बदलल्या."

"आणि बाकीच्या?"

"त्या आपल्या स्वतःच्या कामावर आहेत. आपणच चुकलो असू, तर डिस्कवर काही लिहिण्याआधी थांबायलाच हवं."

बाकीच्या ओळींचा उपयोग दाखवायला साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली, नाहीतर त्याही काढायच्या. मी मनात म्हटलं, चला, महिन्याने तरी सुटलो.

मुदतीला आठ दिवस उरले असताना बियाणं संशोधन केंद्रातल्या एक बाई भलीमोठी डिस्क घेऊन आल्या. तिच्यात एकतीस वर्षांची निरीक्षणं होती. "दुसरी प्रत नाही?" मी विचारलं.

"आहे ना. याच डिस्कवर."

आम्ही मूळ डिस्क बाजूला ठेवून तिच्या तीन हुबेहूब नकला काढल्या आणि बाईंना बोलावलं. साहेबही येऊन उभे राहिले. पहिल्या नकलेवर प्रोग्रॅम निम्म्यावर पोचला आणि थांबला. पडद्यावर ताईंची ओळ उमटली: 'मोकळा करायचा कप्पा कुठल्याही फाइलीचा नसला पाहिजे.'

"झालं!" मी वैतागलो. "ताई, ती ओळ बंद करा, पुढचं सगळं सुरळीत होईल."

"दुसऱ्या नकलेवर करून बघा की," ताई शांतपणे म्हणाल्या.

केलं. असर्शन बंद केल्यावर प्रोग्रॅम सरसर शेवटापर्यंत गेला. 'दुरुस्ती पूर्ण.' मी ऐटीत साहेबांकडे पाहिलं. संशोधक बाईंनी फोल्डर उघडलं. शेवटच्या बारा वर्षांच्या फाइली नुसत्या नावाला उरल्या होत्या, आत सगळी शून्यं. "बारा वर्षं गेली!" बाई ओरडल्या. "अहो, ही नक्कल आहे," ताईंनी त्यांचा हात धरला. "मूळ डिस्क तशीच आहे."

ताई त्या ओळीपासून कोड मागे मागे वाचत गेल्या. दुपारी तीनला त्यांनी हाक मारली. "घाईबुवा, हे बघा."

कप्प्यांचे क्रमांक साठवायची जागा आम्ही लहान डिस्कच्या काळात ठरवली होती. एवढे मोठे आकडे तिथे मावत नव्हते, ते उलटून पुन्हा शून्यापासून सुरू होत होते. म्हणून शेवटचे भरलेले कप्पे आम्हाला रिकामे दिसत होते आणि प्रोग्रॅम ते पुसून टाकत होता. डिस्क खरं सांगत होती, चुकत होतो आम्ही. आणि ती जागा ठरवणारी ओळ माझीच, सहा वर्षांपूर्वीची.

"तुमची ओळ, तुम्हीच बदला," ताई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता.

मी बदलली. तिसरी नक्कल, सगळी असर्शन चालू. पन्नास टक्के. साठ. नव्वद. शंभर! बाईंनी गेल्या वर्षीची फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं, "चौथी रांग, रोपं सव्वीस, पाणी तोडलं, तरी सगळी उभी."

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी चक्क शिट्टी मारली. "आता प्रत्येक ग्राहकाकडे प्रोग्रॅम या ओळींसकटच जाणार! आणि दुरुस्तीचं सगळं काम ताईंच्या हाताखाली." ताईंनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, जमलं!" त्या जवळजवळ ओरडल्याच. डेपोतल्या गलक्यातून नवऱ्याचा आनंदाने फुटलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

तीन फाइली मात्र डिस्कच खरवडली गेल्यामुळे उघडेनात. "जाऊ द्या हो, एवढं मिळालं, खूप झालं," बाई म्हणाल्या. ताईंनी खुर्ची पुढे ओढली. दिवेलागणीच्या आत त्यांतल्या दोन त्यांनी काढून दिल्या.