पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये

गिऱ्हाइकाचा डबा काठोकाठ भरला आणि तरी पीठ उरलं, की आप्पा तो डबा दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर दाणकन आपटायचे. पीठ खाली बसायचं, उरलेलं वर मावायचं. "बसंल की, न बसाय काय झालं?" हे त्यांचं कायमचं वाक्य. निसटलेल्या पट्ट्यालाही तेच, लेकीच्या लग्नाच्या जमवाजमवीलाही तेच.

आमच्या गल्लीतली पिठाची गिरण त्यांची. बोलणं मराठी, चिडले की कानडी. त्यामुळं त्यांच्या शिव्या कुणाला लागत नसत. गिरण सुरू असली की आप्पा मोठ्यानं गायचे. वीज गेली की पट्टा थांबायचा आणि आप्पाही थांबायचे, ओळीच्या मधेच. "आप्पा करंटवर चालत्यात," असं आम्ही म्हणायचो. त्या रांगेत डबा घेऊन उभे असता तर तुम्हीही हसला असता.

गल्लीतले जुने लोक अजून सांगतात, गिरणवाले आप्पा बेसूर होते. ते खरं नाही. आणि ते पसरलं माझ्या तोंडून.

त्या काळात मी लग्नाच्या व्हिडिओंना संगीत जोडून द्यायचो. घरात संगणक होता आणि नवंच आणलेलं एक सॉफ्टवेअर. गायलेली चाल त्यात घातली, की कुठल्या ओळीला कुठला कॉर्ड, म्हणजे साथीचा सूरमेळ, लागेल ते पडद्यावर लिहून यायचं. हे कानावर गेलं तसे आप्पा एक कॅसेट घेऊन आले. लेकीच्या पाठवणीसाठी त्यांनी स्वतः चाल बांधली होती आणि गिरणीतच टेप ठेवून गायली होती.

"मांडवात वाजली पायजे, मास्तर. बाजासकट. पोरगी निघताना."

"कॉर्ड शोधायला लागतील, आप्पा."

"आता कसली कार्डं? पत्रिका वाटून झाल्यात की."

गाण्याखाली गिरणीची घरघर होती. मी आधी ती काढून टाकली. उरला नुसता आवाज. सॉफ्टवेअरनं पहिल्या ओळीला पेटीची पांढरी पाच धरली, दुसरीला काळी चार, तिसरीला पुन्हा पांढरी पाच. दर दोन शब्दांना नवा कॉर्ड. वाजवून बघितलं तर पेटीवरून मांजर चालत गेल्यासारखं. लय बदलली, पट्टी बदलली, सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा मांजरच. आप्पा शेजारी स्टुलावर बसलेले, भुवया पिठानं पांढऱ्या, आणि दर वेळी तेच, "बसंल की." शेवटी पडद्यापेक्षा त्या वाक्याचाच मला राग यायला लागला.

मग दारं-खिडक्या लावून त्यांना माझ्या खोलीत नव्यानं गायला लावलं. शांततेत ते पार भरकटले. गाता गाता इकडंतिकडं बघत होते, चप्पल हरवलेल्या माणसासारखे.

"हितं धरायला कायच न्हाय की, मास्तर."

"सूर धरा."

"त्यो कुठं हाय?"

लग्न तोंडावर आलं. एकदा मी दळण न्यायला गेलो. रांग लागली होती. घरघरीच्या वरताण आवाज काढून त्यांनी विचारलं, "बसलं काय?" वैतागलेला मी तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो, "तुमचा सूरच जागेवर नाही, आप्पा. मशीनला सापडत नाही, तर मला कुठनं सापडणार?"

रांग हसली. आप्पाही हसले. माझा डबा आपटून दिला. त्या दिवसापासून गिरण नुसतीच घरघरायची.

पाठवणीला बँडवाल्यांनी नेहमीचंच गाणं वाजवलं. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

पुढं काही वर्षांनी आप्पा गेले आणि गिरण बंद झाली. नंतर कधीतरी जुन्या कॅसेटी संगणकात उतरवताना त्यांची कॅसेट हाताला लागली. या खेपेला साफ न करता ऐकली. ऐकता ऐकता सहज पेटीवर सूर शोधला. गाण्याचा नव्हे, घरघरीचा. तो पांढरी पाचच्या जरासा वर होता आणि काळी चारच्या चांगला खाली. पेटीला त्या जागी पट्टीच नसते. आप्पांचा प्रत्येक 'सा' मात्र बरोबर तिथंच येऊन टेकत होता. गिरण हाच त्यांचा तंबोरा, आणि मी तो कचरा म्हणून काढून टाकला होता.

सॉफ्टवेअरची पट्टी तेवढीशी वर सरकवली. घरघर राहू दिली. एका दमात कॉर्ड आले. तीनच. इतकं साधं गाणं होतं ते.

त्याची सीडी घेऊन मी नेसरीला, त्यांच्या लेकीच्या सासरी गेलो. "आप्पांचं गाणं," एवढंच म्हणालो आणि लावली. सुरुवातीला बराच वेळ नुसती घरघरच आहे. मला वाटलं, ही आता म्हणणार, सीडी खराब हाय. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. तिथूनच तिनं ओरडून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काका, च्या टाकू काय?"

आणि मग तिच्या लक्षात आलं, ही घरघर कुठली ते. ती होती तिथंच उंबऱ्यावर बसली. आप्पा गायला लागले.